नेत्रावळीचा शिक्का

सेगेदच्या इल्दिकोनं करकोचा पाठवला.
कार्डावर करकोचा, तिकिटावर करकोचा,
आणि शिक्का त्याच गावचा
जिथं विजेच्या दर खांबावर म्हणे एक घरटं असतं.
तिकीट चित्राच्याच बाजूला, वरच्या कोपऱ्यात,
काळी गोल कड अर्धी तिकिटावर, अर्धी आभाळावर.
मागे हिरव्या शाईत दोन ओळी:
तिन्ही जुळलं पाहिजे.
आता तुमची पाळी.

मी बंदर कप्तान खात्यात एकतीस वर्षं
फेरीबोटींच्या नोंदी केल्या.
दिवाडीहून सुटली, जुन्या गोव्याला लागली.
जुळवणं मला नवीन नाही.

महाधनेशाची तिकिटं होती, दोन, कोरी,
गोंद पिवळा पडलेला, पण दाते शाबूत.
कार्डं पणजीच्या बाजारात तिसऱ्या खेपेला मिळाली.
चित्र तिकिटाचं जुळं भावंड असून चालत नाही,
असा नियम आहे.
चुलत चालतं.
राहिलं गाव.

पणजीचा मारून मोकळे व्हा, काइतान म्हणाला,
त्या बाईला काय कळतंय
पणजीत धनेश असतात की नसतात.

मला कळतंय ना.

म्हणून मडगावहून सांगे, सांग्याहून दुसरी कदंबा,
मांडीवर दोन पुठ्ठ्यांत कार्डं,
जसा कुणाचा तरी एक्स-रे नेत असावा.

नेत्रावळीचं पोस्ट एका खोलीचं.
दारात वजनकाटा, काट्यावर कुणाचं तरी हेल्मेट.
पोस्टमास्तर शेवंती वेळीप
कार्ड उलटसुलट करून म्हणाल्या,
पत्तो खंय?
पत्ता नाही. हे लखोट्यातून जाईल. नुसता शिक्का हवा.
तिकीट चुकीच्या बाजूला लावलंय तुम्ही.
मी नियम सांगितला. मागे रांग वाढली.
पेन्शनीला आलेले आजोबा उंबऱ्यावर बसले.

मग त्यांनी चित्राकडे नीट पाहिलं.
हो आमचोच, म्हणाल्या,
आणि सांगत गेल्या, शिक्का शाईत घोळवत:
मादी ढोलीत शिरते, दार लिंपून घेते,
फट ठेवते बोटभर.
नर महिनोन्‌महिने त्या फटीतून
उंबरं टाकतो, एकेक, गळ्यातून काढून.
चुकत नाही. आयतवारी पण येतो.
आमचा पोस्टमन येत नाही आयतवारी,
उंबऱ्यावरून आजोबा.

आधी रद्दीवर दोनदा मारून पाहिला.
मग माझ्याकडे बघून एकदाच,
लाकडी मुठीवर सगळं वजन टाकून.

मी वाकलो.
गावाचं नाव पूर्ण. तारीख पूर्ण, महिना जरा फिका.
कड चोचीच्या पिवळ्याला नेमकी टेकलेली.
शाई ओली होती, मी फुंकर घालत होतो.

तेव्हा वरून काहीतरी गेलं.
लोहाराचा भाता कुणी आभाळातून ओढत न्यावा
तसा आवाज, थांबून, पुन्हा.
रांग दाराबाहेर गेली, आजोबा गुडघे धरून उठले,
शेवंतीबाई खिडकीशी: पळे, पळे!

मी मान वर करेपर्यंत
पोफळीचा एक शेंडा हलत होता
आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

दोन होते, आजोबा म्हणाले.
एकच, रांगेतला पोरगा म्हणाला.
त्यांचं जुळलं नाही. मला विचारलं नाही कुणी.

दुसऱ्या कार्डाचा शिक्का स्वच्छ उमटला.
ते इल्दिकोला गेलं, रजिस्टरनं.
मागे लिहिलं, तिन्ही जुळलंय.

पहिल्याची कड डावीकडे फिसकटलीय.
मान वर करताना माझा अंगठा लागला तिथं.
आमच्यात हा दोष धरतात, किंमत निम्मी होते.
अल्बममध्ये पान पहिलं, पक्षी,
त्याच्यावरचा बटर पेपर
मी अधूनमधून उचलतो,
आणि अंगठा ठेवून बघतो,
अजून बसतो का.